थेरपीच्या खोलीत होड्या, मोदक आणि किल्ला कशासाठी?

स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर थांबलेले आईबाबा दाराच्या काचेतून आत डोकावतात आणि बुचकळ्यात पडतात. जुलैत आत कागदाच्या होड्या चाललेल्या असतात. गणपतीच्या सुमारास कणकेचे मोदक, आणि दिवाळीच्या तोंडावर टेबलावर मातीचा ढीग, त्यावर प्लॅस्टिकचे मावळे. पाऊण तासाने मूल हात पुसत बाहेर येतं. रिक्षात आई विचारते, "आज काय शिकवलं?" उत्तर येतं, "किल्ला केला." सोबत आजी असली तर घर येईपर्यंत विषय संपत नाही. "अगं, पोराला बोलायला शिकवायला नेतेस की मातीत खेळवायला? माती काय आपल्या अंगणात नाही?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. तो नव्या थेरपिस्टनाही विचारायला हवा, कारण घोळ तिकडेही आहे. ऑक्टोबर आला की परदेशातल्या हॅलोविनच्या, कोरलेल्या भोपळ्यांची वर्कशीट मोबाइलवर फिरू लागतात, डिसेंबरात बर्फाच्या माणसाची. फुकट मिळतात, रंगीत असतात, म्हणून छापली जातात. मग नाशिक-सोलापूरचं एखादं मूल, ज्याने बर्फ पाहिलाय तो फक्त फ्रीजरमध्ये, गाजराचं नाक कुठे चिकटवायचं या विचारात पडतं. थीम झाली, पण ती कोणासाठी आणि कशासाठी, हे बघायचं राहून गेलं.

ध्येय आधी, ऋतू नंतर

स्पीच थेरपी म्हटलं की बोबडे बोल सुधारणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्या खोलीत येणारी मुलं खूप वेगवेगळ्या कारणांनी येतात. कोणाचे उच्चार चुकतात. कोणाला शब्द कमी आहेत, वाक्य जुळत नाही. कोणी अडखळतं. कोणाला ऐकूच कमी येतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाकडे कधी कधी शब्द भरपूर असतात, पण ते समोरच्या माणसाशी बोलण्यासाठी वापरायचे असतात हे जमत नाही. प्रत्येक मुलाची तपासणी करून थेरपिस्ट येत्या काही महिन्यांसाठी ठरवते की हे मूल नेमकं काय करू लागायला हवं. त्याला ध्येय म्हणतात. 'चांगलं बोलेल' हे ध्येय नाही. 'शब्दाच्या सुरुवातीचा क स्पष्ट म्हणेल' हे ध्येय आहे, कारण ते मोजता येतं.

थीम म्हणजे ते ध्येय ज्यात गुंफायचं तो विषय: पाऊस, गणपती, आंबा, थंडी. दोघांचं नातं मूर्ती आणि मखर यांच्यासारखं आहे. मखर दरवर्षी बदलतं, कधी पुठ्ठ्याचं, कधी फुलांचं, पण ते मूर्तीच्या मापाचं करावं लागतं. मूर्ती ठरायच्या आधी मखर बांधायला घेतलं की काय होतं, ते प्रत्येक घरात एखाद्या वर्षी पाहिलेलं असतं. नियोजनाचा क्रम म्हणूनच असा: मूल, ध्येय, आणि शेवटी ऋतू. 'या आठवड्यात पतंग घेऊ' असं म्हणून सगळ्या मुलांना एकच पतंग रंगवायला देणारी थेरपिस्ट हस्तकलेचा तास घेते आहे.

मग थीम हवीच कशाला? सरळ सराव का नको?

उच्चाराची सवय बदलायला आवृत्ती लागते, एका बैठकीत पन्नास-शंभर वेळासुद्धा. पाच वर्षांच्या मुलाला कार्ड दाखवून 'म्हण' इतक्या वेळा म्हटलं तर दहाव्या कार्डाला ते खुर्चीखाली गेलेलं असतं. तेच शब्द प्रत्येक होडी पाण्यात सोडण्याआधी म्हणायचे ठरले, तर ते स्वतःच पुढची होडी मागतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. थेरपीत सगळ्यात अवघड काय, तर खोलीत आलेला उच्चार खोलीबाहेर टिकवणं. याला 'कॅरीओव्हर' म्हणतात. टेबलाशी बसून 'कणीस' स्वच्छ म्हणणारं मूल घरी पुन्हा 'तणीस' म्हणतं. जुलैत मात्र कोपऱ्यावर भाजलेलं कणीस मिळतं, शाळेच्या वाचनात तोच शब्द येतो, बाबा संध्याकाळी पिशवीतून तेच काढतात. थेरपिस्टला आठवड्यातून एक-दोन तास मिळतात, उरलेला आठवडा ऋतूच्या हातात असतो. तो सरावाचे प्रसंग फुकट देतो, एवढंच त्याचं काम.

त्यामुळे दर भेटीला नवी थीम हा उत्साह कामाचा नाही. एकच विषय तीन-चार आठवडे चालावा आणि त्यात मोजकेच शब्द असावेत. मोठ्यांना कंटाळा येतो. मुलांना येत नाही, त्यांना तीच गोष्ट रोज रात्री ऐकायची असते.

एक छत्री, तीन मुलं

समजा थेरपिस्टकडे पावसाळ्याची एक पेटी आहे. तिच्यात लहान मुलाची छत्री, जुनी वर्तमानपत्रं, प्लॅस्टिकचा बेडूक, चहाची गाळणी, एक टब. दुपारी एकामागून एक तीन मुलं येणार आहेत.

पहिलं मूल साडेचार वर्षांचं. 'क'च्या जागी 'त' म्हणतं, 'काका'ला 'ताता'. इथे थेरपिस्टला शब्द पारखून घ्यावे लागतात. होडी करायला कागद आणि कात्री हातात आहेत, पण तोंडी सरावात हे दोन शब्द ती मागे ठेवते. एकात द आहे, दुसऱ्यात त आणि जोडाक्षर, आणि 'क'साठी मागे राहायचं सोडून जीभ ज्या सवयीने पुढे, 'त'-'द'कडे पळते तिला ते आमंत्रणच. त्याऐवजी कणीस, कावळा, कौल, काळा. काही मुलांना शब्दाच्या शेवटचा क आधी सापडतो, म्हणून बेडूक हाताशी ठेवलेला. मग दोन चित्रं समोर येतात: पावसात अडकलेली कार, आणि ओले कपडे वाळत घातलेली तार. मुलाला कार हवी असते. ते 'तार' म्हणतं आणि थेरपिस्ट निमूटपणे तारेचं चित्र पुढे सरकवते. मूल चमकून बघतं. एका आवाजाने अर्थ बदलतो, हे त्याला कोणी समजावून सांगितलेलं नसतं, हातात चुकीचं चित्र आल्यावर कळलेलं असतं. 'गार' आणि 'दार', 'काप' आणि 'ताप' अशा जोड्या याच कामाच्या.

दुसरं मूल तीन वर्षांचं, शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याला 'कणीस' शिकवण्यात आत्ता काही अर्थ नाही. त्याला लागणारे शब्द बारा महिने तेच असतात: हवं, नको, अजून, उघड, दे, संपलं. थेरपिस्ट मिटलेली छत्री हातात धरते आणि थांबते. हे थांबणं बाहेरून आळसासारखं दिसतं. मूल तिच्याकडे बघतं, छत्रीकडे बघतं, हात पुढे करतं, एखादा आवाज काढतं. ती म्हणते, "उघड! उघड छत्री!" आणि फटकन उघडते. मग मिटते आणि पुन्हा थांबते. गाळणीतून पाणी पडतं, "अजून?" टब रिकामा होतो, "संपलं." मूल तोंडाने बोलत नसेल तर चित्रांचा तक्ता किंवा ॲप वापरतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मराठीतही चालतं. चित्रावर बोट ठेवल्याने मूल बोलायचं राहून जातं, ही भीती निराधार आहे.

तिसरं मूल सात वर्षांचं, सगळं बोलतं, पण घडलेलं सांगताना गाडी रुळावर राहत नाही. 'तो गेला, मग ते झालं, मग ती.' कोण गेलं, काय झालं, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याच्याकडून होडी करवून घ्यायची, बुडू द्यायची, आणि मग दाराबाहेर बसलेल्या बाबांना, ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांना, ते सांगायला लावायचं. आधी काय केलं? मग? का बुडाली?

पेटी तीच. वर्कशीट तिघांनाही एकच दिलं असतं तर एकालाही उपयोग झाला नसता.

इंग्रजी साहित्यात न सापडणारं

परदेशी साहित्य चांगलं की वाईट हा मुद्दा नाही. ते दुसऱ्या भाषेसाठी केलेलं आहे, एवढंच.

'ळ' घ्या. इंग्रजीत तो नाहीच, म्हणून तिथल्या कुठल्याही संचात त्याचा सराव नाही. मराठीत तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, फक्त मध्ये किंवा शेवटी. म्हणजे 'सुरुवातीचा, मधला, शेवटचा' हा ठरीव क्रम इथे लागूच पडत नाही. पण आपलं वर्ष 'ळ'ने भरलेलं आहे: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, होळी, दिवाळी, पोळा, फराळ, रांगोळी, तिळगूळ, पुरणपोळी. गोपाळकाल्यात तर ळ आणि ल शेजारी बसलेत. 'ळ'ला 'ल' म्हणणाऱ्या मुलासाठी काळा आणि काला, वेळ आणि वेल, माळ आणि माल या जोड्या आयत्या मिळतात. संक्रांतीला दहा घरी जाऊन 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणणं हा तर सरकारमान्य गृहपाठ वाटावा.

'च'ची गंमत वेगळी. चिखलातला च आणि चाकातला च लिहायला एक, म्हणायला दोन. चिंचेत तर सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा. 'च चे शब्द' असा छापील तक्ता हे दोन्ही एकत्र ठेवतो, मूल एक बरोबर आणि एक चूक म्हणतं, आणि घरचे म्हणतात याचं लक्ष नाही. जीभ कुठे टेकते ते बघून शब्द आधी वेगळे काढावे लागतात. ज आणि झ चंही तसंच.

आणि व्याकरण. इंग्रजीत हिरवा रंग आंब्याला, कैरीला, कलिंगडाला एकाच शब्दाने लागतो. आपल्याकडे हिरवा आंबा, हिरवी कैरी, हिरवं कलिंगड. खाऊन झालं की आणखी अवघड: मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली, मी कलिंगड खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद फळाच्या मागे जातं. भाषा उशिरा आलेली मुलं इथे हमखास अडतात, आणि एप्रिल-मेमधली फळांची टोपली यासाठी जितकी उपयोगी तितकं कुठलंही पुस्तक नाही. तिन्ही लिंगं एका टोपलीत, वर बक्षीस म्हणून फोड.

सण कसे लावायचे

सण एका दिवसाचा असला तरी थेरपीत तो त्याच्या आधी आणि नंतर पसरतो, आणि दोन्हीकडे भाषा वेगळी असते. आधीचे दोन आठवडे भविष्यकाळाचे: गणपती येणार, आपण आणणार, मामा येईल. नंतरचे दोन भूतकाळाचे: आणला, बसवला, विसर्जन केलं. मोबाइलमधले घरचे फोटो हे त्या वेळचं सर्वांत चांगलं साहित्य. प्रत्यक्ष सणाच्या आठवड्यात निम्मी मुलं गावी जातात, त्यामुळे त्या आठवड्यावर मोठा बेत टाकू नये. अधिक महिन्याच्या वर्षी सण बरेच पुढे सरकतात. कॅलेंडर बघूनच आखणी करावी, गेल्या वर्षीची वही बघून नाही.

गणपतीत मोदक क्रम सांगण्यासाठी उत्तम. उकड काढली, मळली, पारी केली, सारण भरलं, कळ्या पाडल्या, तोंड बंद केलं, वाफवला. खोलीत गॅस नसतो, कणकेवर काम भागतं. एखादी पायरी मुद्दाम चुकवायची, सारण न भरताच तोंड बंद करायचं. जे मूल एरवी प्रश्नाला हुं की चूं करत नाही ते ओरडतं, "अगं, सारण!"

दिवाळीचा किल्ला महिनाभर पुरतो. तो शब्दांच्या रूपांसाठी मी सगळ्यात वर ठेवेन. मावळा डोंगरावर, गुहेत, दरवाजात, टाक्यातल्या पाण्यात. लहान मुलं 'पाणीत' आणि 'गुहात' म्हणतात, त्यात वावगं काही नाही, पण सहा-सात वर्षांचं मूल तेच म्हणत असेल तर लक्ष द्यायला हवं. चूक झाल्यावर 'असं नाही, नीट म्हण' म्हणायचं नसतं. मूल म्हणालं, "मावळा पाणीत पडला," की आपण म्हणायचं, "अरे बापरे, पाण्यात पडला? पाण्यातून काढू या." बरोबर रूप दोनदा कानावर गेलं आणि खेळही थांबला नाही. अळीव पेरले की रोज काहीतरी बदललेलं असतं, म्हणजे रोज सांगायला काहीतरी नवं.

पण या सगळ्यात माझ्या मते सर्वांत श्रीमंत आहे तो नवरात्रातला भोंडला, आणि तो सर्वांत कमी वापरला जातो. भोंडल्याची गाणी एकाच साच्यावर चालतात. ओळ तीच राहते, एखादा शब्द बदलतो, सासूच्या जागी सासरा, मग दीर, मग नणंद. वाक्याचा सांगाडा कायम ठेवून एक जागा बदलायची, हेच तर थेरपिस्ट कार्डं मांडून करत असते. शिवाय गोल फिरताना कोणी एकट्याकडे बघत नाही, त्यामुळे बुजरं मूलही ओठ हलवतं. त्यानंतर येते खिरापत. डबा झाकलेला, आणि ओळखायचं असतं. गोड की तिखट? कोरडं की ओलं? वाटीत देतात की हातावर? प्रश्न विचारणं हे भाषेतलं फार अवघड काम आहे. एरवी मुलांना आपण फक्त उत्तरं द्यायला लावतो, 'हे काय? हा रंग कोणता?' इथे माहिती डब्यात बंद आहे आणि ती काढायला प्रश्नच लागतो. ज्या मुलाला प्रश्न जमत नाही त्याला वर्णनाची बाजू द्यावी. डबा त्याच्याकडे, नाव न घेता सांगायचं. चार मुलांचा गट असेल तर अर्धा तास कसा जातो कळत नाही.

बाकीचं पटापट. श्रावणात राखी, नात्यांच्या नावांसाठी. पोळा ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांच्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत कानटोपी, शेकोटी, हुरडा, पतंग. होळीला रंग. मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा मोठ्या मुलांना थीमही नको असते आणि थेरपिस्टही.

"आरती घडाघडा म्हणतो, मग बोलत का नाही?"

दर गणपतीत हा प्रश्न येतो, दोन वेगळ्या मुलांबद्दल.

अडखळणारी मुलं गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेक वेळा अडखळत नाहीत. हे जगभर दिसलेलं आहे. शब्द आधीच ठरलेले, ताल ठरलेला, सोबत इतरांचा आवाज. त्यावरून 'मनावर घेतलं तर जमतं' असा निष्कर्ष काढणं त्या मुलावर अन्याय आहे. आरतीतली सहजता आपोआप बोलण्यात उतरत नाही. 'हळू बोल, श्वास घे' असं सगळ्यांदेखत सांगितल्याने तर ते अधिकच आवळतं.

दुसरं मूल स्वमग्न असतं. लांबलचक आरती आणि टीव्हीवरच्या जाहिराती अक्षर न चुकता म्हणतं, पण तहान लागली तर पाणी मागत नाही. पाठांतर आणि संवाद या दोन वेगळ्या वाटा आहेत. तरी ते पाठांतर फेकून द्यायचं नसतं. त्या आरतीतली एक ओळ थेरपिस्ट अर्धी म्हणून थांबते, मूल तिच्याकडे बघून पुरी करतं. तो क्षणभराचा देवाणघेवाणीचा धागा धरून पुढे काम होतं.

पिपाणी, फुगे, वेखंड

जत्रेतून पिपाणी आणावी, मजेसाठी. ती वाजवून 'क' येत नाही. फुगे फुगवणं, शिट्टी, जीभ आतबाहेर करणं याने तोंडाचे स्नायू मजबूत होतात आणि उच्चार सुधारतात, असा समज पक्का रुजलेला आहे. अजूनही काही ठिकाणी थेरपीच्या नावाखाली पाऊण तास हेच चालतं. उच्चाराच्या चुकांसाठी या व्यायामांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. उच्चार सुधारायला उच्चारच करावा लागतो. वेखंड उगाळून जिभेला लावल्यानेही बोलणं येत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच चाटवू नये, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

सगळ्यांनाच सण हवा असतो असं नाही

फटाके, ढोलताशे, डीजे काही स्वमग्न मुलांना असह्य होतात. होळीचा ओला रंग अंगाला लागला की काहींचा दिवस संपतो. अशा मुलांसाठी सणाची थीम सजावटीची नसते, तयारीची असते. काय काय होणार ते चित्रांतून आधी दाखवायचं, आवाज आला तर कुठल्या खोलीत जायचं ते ठरवायचं, आणि 'नको', 'बास', 'बाहेर जाऊ' हे शब्द किंवा त्यांची कार्डं पक्की करून घ्यायची. गर्दीच्या मध्यात 'बास' म्हणता येणं हे मोदक म्हणता येण्यापेक्षा त्याला जास्त कामाचं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांचा पावसाळा वेगळाच. दमटपणाने यंत्र बिघडतं, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. यंत्र नसलेल्या मुलांनाही वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठून तात्पुरतं कमी ऐकू येऊ शकतं. मूल 'काय? काय?' करू लागलं किंवा बोलणं अस्पष्ट झालं तर आधी कान तपासावेत. खरं तर कुठलीही थेरपी सुरू करण्याआधी ऐकण्याची चाचणी व्हायलाच हवी.

आणि घराघरातले सण वेगळे असतात. कोणाकडे ईद, कोणाकडे नाताळ, कोणाकडे 14 एप्रिल हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पहिल्याच भेटीत 'तुमच्याकडे काय काय साजरं होतं' हे विचारून घेतलं की प्रश्न मिटतो. गटात संमिश्र मुलं असतील तर सणापेक्षा ऋतू बरा. पाऊस सगळ्यांवर पडतो.

दोन भाषा, आणि दूर राहणारी मुलं

"घरी फक्त इंग्रजीच बोला, नाहीतर गोंधळेल" हा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाचं बोलणं उशिरा सुरू होत नाही, यावर आता तज्ज्ञांचं एकमत आहे. आईबाबा ज्या भाषेत सहज चिडतात, लाड करतात, गोष्टी सांगतात तीच त्यांनी बोलावी. तोडकंमोडकं इंग्रजी ऐकून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही, आईशी बोलणं मात्र कमी होतं.

न्यूजर्सीतल्या मराठी घरातलं मूल पुण्याच्या थेरपिस्टशी ऑनलाइन बोलत असेल, तर त्याच्या खिडकीबाहेर जानेवारीत बर्फच आहे. त्याच्यासाठी बर्फाचा माणूस अगदी योग्य थीम आहे, आणि बर्फ, हातमोजे, कानटोपी, फावडं हे शब्द मराठीतच घ्यावेत. त्याला हुरडा पार्टी शिकवणं हे नाशिकच्या मुलाला स्नोमॅन शिकवण्याइतकंच ओढूनताणून आहे.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

सणाला पाहुणे जमले की थेरपीची परीक्षा सुरू होते. "काकूंना म्हणून दाखव बरं, चक-ली." मूल आईच्या मागे लपतं, काकू म्हणतात, "अजून नाही का येत?" हे करू नका. त्याऐवजी त्याच्या हातात चिवड्याचा आणि चकलीचा डबा द्या आणि वाटायला लावा. "तुला काय हवं, चिवडा की चकली?" हे त्याला प्रत्येकाला विचारावंच लागेल, आणि कोणी परीक्षा घेतेय असं त्याला वाटणार नाही. 'हे काय आहे?' अशा सरबत्तीपेक्षा दोन पर्याय देऊन थांबणं केव्हाही बरं. थांबणं म्हणजे मनात दहा अंक मोजणं, जे घाईच्या घरात फार कठीण जातं.

थेरपिस्टला मात्र दर महिन्याला एक प्रश्न जरूर विचारा: या खेळात माझ्या मुलाचं ध्येय कोणतं? उत्तर एका वाक्यात यायला हवं. 'एकूण भाषाविकास' असं गुळमुळीत उत्तर आलं तर अजून थोडं खोदा. थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हेही बघा. 1992च्या कायद्याने ती बंधनकारक आहे.

"मुलगे उशिराच बोलतात, थांबू या" असं म्हणत वर्षं घालवू नका. पहिल्या वाढदिवसापर्यंत बोट दाखवणं किंवा बडबडणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडता येत नाहीत, किंवा आधी येत असलेले शब्द गेले, तर लगेच दाखवा. खासगी फी परवडत नसेल तर सरकारी वाट आहे. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे.

मोठी मुलं आणि मे महिना

दहा-अकरा वर्षांच्या मुलासमोर छत्री आणि बेडूक ठेवले तर ते अपमानित होतं, आणि बरोबर होतं. त्याचा ऋतू वेगळा असतो: आयपीएल, गॅदरिंग, किल्ल्यावरची सहल. मॅचचा आवाज बंद करून त्याला समालोचन करायला लावलं की 'र'चा सराव रन, चौकार, षटकार, स्ट्राइक रेट यांत होतो आणि त्याला तो सराव वाटतही नाही.

कधी कधी थीम सोडूनच द्यावी लागते. काही मुलं सजावटीतच हरवतात, टिकल्या सुट्या करत बसतात, उच्चार बाजूला राहतो. काहींना फक्त पंखा किंवा रेल्वे हवी असते. अशा वेळी गणपती बाजूला ठेवून रेल्वे घ्यावी. 'क' तिथेही आहे, तिकीट-कंडक्टरात.

मे महिन्यात निम्मी खोली रिकामी असते. त्या काळासाठी थेरपिस्टने पानभर सूचना देऊ नयेत, पाच शब्द आणि दोन प्रसंग द्यावेत: आंब्याच्या पेटीतून रोज आंबे निवडताना, आणि रात्री गच्चीवर अंथरूण घालताना. जूनच्या पहिल्या भेटीत तेच पाच शब्द परत तपासायचे. टिकले असतील तर पुढे, निसटले असतील तर नवी पेटी उघडण्याआधी तेच पुन्हा.